आधी चेंबर उघडा, मग हेड



तेलाची पट्टी बाहेर काढली आणि तिच्यावर काळ्या तेलाऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखा फेस दिसला की ट्रॅक्टरवाल्याच्या पोटात गोळा येतो. मिस्त्री येतो, पट्टी पाहतो आणि निकाल देतो, "इंजिन खाली करावं लागेल." गेल्या मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील एका कार्यकर्त्याच्या जुन्या ट्रॅक्टरचा असाच निकाल लागला. खर्चाचा अंदाज चाळीस हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. हा भाव पदरात पडला असे धरले, तरी पाच क्विंटल कापूस त्या फेसात गेला. कोरडवाहूत पाच क्विंटल म्हणजे एका एकराचे पीक, तेही पाऊस बरा झाला तर.

मिस्त्रीने हेड उतरवले, त्याला चीर असल्याचे सांगितले. नवे हेड काही मिळेना. जुन्या ट्रॅक्टरांचे हेच दुखणे आहे. एचएमटीसारख्या सरकारी कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. ट्रॅक्टर मात्र अजून शिवारात राबताहेत. कार्यकर्त्याचा भाचा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतो. त्याच्या भरवशावर हेड पोत्यात बांधून आम्ही दोघे धामणगावहून रेल्वेने निघालो.

एमआयडीसीची स्थापना १९६२ सालची. वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. आज तिथले कितीतरी जुने कारखाने बंद पडून संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तरी गल्लीबोळांत लेथ चालू आहेत. अशाच एका गाळ्यात म्हाताऱ्या कारागिराने हेडची पाण्याची भोके बंद केली, आत हवा भरली आणि हेड गरम पाण्यात बुडवले. एकही बुडबुडा आला नाही. हेड साबूत होते.

मग त्यांनी विचारले, "पाणी कुठून येतंय ते खालून बघितलं होतं का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "हेड उतरवलं की अर्धा पुरावा गेला," ते म्हणाले. "आता गावी जा. खालचा होज बंद करून ब्लॉकमध्ये पाणी भरा, चेंबर उघडा, खाली कागद पसरा आणि रात्रभर थांबा."

सकाळी दुसऱ्या लायनरच्या बाहेरच्या अंगाने थेंब पडत होता. लायनरच्या तळाची रबरी रिंग कुजली होती. रिंगा, गॅस्केट, तेल, मजुरी सारे मिळून खर्च अंदाजाच्या चौथाईत भागला.

आम्ही शेतकीची पदवी घेतलेले. कपाशी लाल पडली की फवारणीला धावू नका, पान उलटून तुडतुडे पाहा, मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता तपासा, हे सभांमधून सांगत फिरतो. पण ट्रॅक्टर खालून पाहायचे आम्हालाही सुचले नाही. म्हणून हा क्रम लिहून ठेवा.

पहिले, पट्टीवर फेस दिसला की इंजिन चालवू नका. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगला आधार देत नाही; क्रँक खराब झाला की खर्च खरोखरच चाळीस हजारांवर जातो. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरे, पाणीच आहे याची खात्री करा. तेलाची पातळी वाढली, तेल पातळ झाले आणि डिझेलचा वास आला, तर दोष नोझल किंवा डिझेल पंपाकडे शोधा. तेलाचा एक थेंब तापल्या तव्यावर टाका, तोंड लांब ठेवून. चरचरला तर पाणी आहे.

तिसरे, पाणी बाहेरचे की आतले? उभ्या सायलेन्सरमधून पाऊस आत जातो. बरेच दिवस उभ्या ट्रॅक्टरच्या तेलाच्या झाकणाखाली थोडा पांढरा साका धरतो, तो दवाचा. रेडिएटरमधले पाणी मात्र विनाकारण कमी होत असेल, तर गळती आतच आहे.

चौथे, हेड उतरवण्याआधी चेंबर उघडा आणि गार रेडिएटरला हातपंपाने हवेचा दाब द्या. झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त नको. लायनरभोवती थेट पाणी खेळते अशा इंजिनांत थेंब लायनरच्या बाहेरून आला तर रिंग. आतून आला तर हेड गॅस्केट, हेड किंवा भोक पडलेला लायनर. पुढच्या बाजूने आला तर वॉटर पंप पाहा. काही ट्रॅक्टरांचा चेंबर सांगाड्याचाच भाग असतो. तिथे भक्कम टेकू दिल्याशिवाय एकही बोल्ट ढिला करू नका.

दुरुस्तीनंतर तेल आणि फिल्टर बदला, थोडे चालवून पुन्हा एकदा बदला. बोअरच्या क्षारट पाण्याने ब्लॉकमध्ये थर धरतो, लायनर खातो. रेडिएटरमध्ये कूलंट घाला. आणि मे महिन्यात कोरड्या पडलेल्या तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला खरी चीर जाते ती अशीच.

मिस्त्री आपला शत्रू नाही. त्यालाही घाई असते, हंगाम असतो. पण "उघडू या" म्हणण्याआधी "कुठून येतंय ते दाखव" एवढे विचारण्याचा हक्क पैसे मोजणाऱ्याचा आहे. प्रत्येक तालुका शाखेने वर्गणीतून दाब तपासण्याचा एक हातपंप आणि मीटर घ्यावे, आणि ते कोणाकडे ठेवले हे पुढच्या जिल्हा बैठकीत सांगावे. रोग कळल्याशिवाय औषधाचे पैसे द्यायचे नाहीत, मग ते कपाशीचे असो की इंजिनचे.