'रिसीट'मधला न बोलणारा 'पी'

आमच्या बचत गटाची खजिनदार बँकेत पैसे भरायला गेली आणि काउंटरवर म्हणाली, "रिसिप्ट द्या." खिडकीमागचा माणूस सगळ्यांसमोर हसला, "अहो मॅडम, रिसीट म्हणा, रिसीट!" पुढचे दोन महिने तिचा नवरा बँकेत जात होता. हिशेब हिचा, सही हिची आणि रांगेत तो!

आता मला सांगा, तिचं काय चुकलं? आर-ई-सी-ई-आय-पी-टी असं लिहिलंय, तिने तसं वाचलं. हा 'पी' मुळात बोलण्यात नव्हताच. लॅटिनमधल्या मूळ शब्दाची आठवण म्हणून पंडितांनी तो स्पेलिंगात घुसवला. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला 'बी'ही तसाच. 'डिसीट' म्हणजे फसवणूक, हा शब्द 'रिसीट'च्याच घराण्यातला, पण त्याच्या वाट्याला 'पी' आला नाही. 'नाइफ'मधला 'के' मात्र एकेकाळी खरोखर उच्चारत. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला. पुढे स्पेलिंगं हळूहळू पक्की झाली, बोलणं मात्र बदलत राहिलं. इंग्रजांच्या घरातला हा पसारा, आणि लाज आपण का बाळगायची?

आणि आपली मराठी तरी कुठे सगळं लिहून दाखवते? 'हे जग' आणि 'सुखाने जग' यातले दोन 'ज' म्हणून बघा. 'चार' आणि 'चारा' म्हणा. अक्षर एकच, उच्चार दोन. परप्रांतीय सून इथे अडखळली तर आपण हसतो, हेही जरा आठवावं.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी मराठी शाळेत गेलेल्या आम्हा बहुतेकींची ए-बी-सी-डी पाचवीत सुरू झाली. म्हणून 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या जाहिराती आपल्याला भुलवतात. तिथे पाठ केलेली वाक्यं मिळतात, 'असं का?' विचारायला वेळ नसतो. माझं मत विचाराल तर शिकणं सुरू होतं ते या 'का'पासूनच. 'वुमन'चं अनेकवचन लिहिताना बदल होतो शेवटच्या भागात, 'ए'चा 'ई' होतो. बोलताना मात्र बदलतो पहिला भाग, 'वु'चा 'वि' होऊन 'विमेन'! असे शब्द वहीत टिपावेत. मोबाइलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबलं की उच्चार ऐकू येतो, तोही कोणी न हसता.

दुसरी गंमत इंग्रजी पेपरातल्या क्रिप्टिक शब्दकोड्याची. हा प्रकार १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये रुजला. नुसता अर्थ विचारायचा नाही, चकवायचं! समजा सूत्र आहे, 'लिसन केअरलेसली, मेकिंग नो नॉइज', अक्षरं सहा. 'केअरलेसली' म्हणजे 'लिसन'ची अक्षरं बेफिकीरपणे विस्कटा. एल-आय-एस-टी-ई-एन. नीट लावली की होतं 'सायलेंट', म्हणजेच आवाज न करणारा. आणि बघा, 'लिसन'मध्ये गप्प बसलेला 'टी' 'सायलेंट'मध्ये बोलायला लागतो! दोन्ही स्पेलिंगं जन्मात विसरणार नाही. सूत्रात 'हर्ड' दिसलं की पुष्कळदा समजावं, उत्तर कानात आहे: 'नाइट' म्हणजे रात्र, तसाच उच्चार असलेला 'नाइट' म्हणजे सरदार, फक्त पुढे न बोलणारा 'के'. 'फ्लॉवर' तर कधी फूल नसतंच, 'फ्लो' होणारी, म्हणजे वाहणारी नदी असते. कोटी आणि श्लेषावर वाढलेल्या आपल्याला हे परकं का वाटावं?

अख्खं कोडं सुटणार नाही, अगदी एम.ए. इंग्लिश झालेल्यांनाही सुटत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरं येतात. ती समोर ठेवून उलटं सूत्राकडे जावं, हे उत्तर आलं कसं ते शोधावं. दुपारच्या चहाला चौघी जमल्या तर उत्तमच, कारण एकीला स्पेलिंग येतं, दुसरीचा कान तयार असतो. रोज दोन सूत्रं पुरेत. आजचं घ्या: 'हार्ट'च्या ऐन मध्यभागी ऐकायचा अवयव दडलाय, तीन अक्षरी. तो सापडला की 'हार्ट', 'हिअर' आणि 'हर्ड' या तिन्हींत तीच तीन अक्षरं तीन वेगळ्या तऱ्हांनी का बोलतात, ते मुलांच्या इंग्रजीच्या बाईंना जरूर विचारा.