पंधरा दिवस बाजार बंद पडला तर?



रस्ता, लाइट आणि बाजार, तिन्ही पंधरा दिवस बंद पडले तर उरण तालुक्यातलं कुठलं गाव स्वतःच्या जिवावर राहील? द्रोणागिरी डोंगराच्या आसपास राहणाऱ्यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ३ सप्टेंबर २०१९ ला इथल्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली, चौघांचा जीव गेला. पुढच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळानं रायगडचा किनारा झोडपला, तेही कोरोनाच्या बंदीत.

आपली जुनी माणसं ही तयारी दरवर्षी करायची. आगोट म्हणायचे तिला. मृगाच्या आधी कणगीत भात, मडक्यात वाल, सुकट-बोंबील, मीठ-मसाला, पडवीत लाकडं नि शेणी. आता तांदूळ दुकानाचा, चुलीच्या जागी सिलिंडर, पाणी नळाचं. गावची विहीर आहे, पण तिच्यात काय काय पडलंय ते बघवत नाही. ती मे महिन्यात उपसून घ्या, निदान वापरायचं पाणी तरी हातात राहील.

पण महिन्याचा शिधा भरला म्हणजे गाव स्वावलंबी झालं, हे मला पटत नाही. खारपट्ट्यात, म्हणजे आवरे, गोवठणे, पुनाडे, वशेणीकडे, पहिली तपासणी बाहेरकाठ्याची. आपली शेतं मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. उघाडीची झडप ओहोटीला आतलं पाणी सोडते, भरतीला मिटते. ती सडली किंवा बांधाला खांड गेली की खारं पाणी थेट भातात. पाणी उतरतं, मीठ राहतं. मग दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत पिकाचा भरवसा नाही. खांड तशीच ठेवली तर आत कांदळवन उगवतं, आणि ते कायद्यानं संरक्षित. सातबारा आपल्या नावावर, पण कुदळ मारायची चोरी! कांदळवनाशी माझं वैर नाही. बांधाच्या बाहेर असलं तर लाटेचा मार तेच खातं. आत वाढलं तर शेत गेलं समजा.

पूर्वी खांड बांधायला घरटी एक माणूस मातीला जायचा. आता पोरं बंदरावर नि गोदामात पाळीला, आणि अर्ध्या लोकांना वाटतं जमीन उद्या विकायचीच आहे. सरकारी योजनेतल्या बांधांना खारभूमी विभाग तरी आहे, खाजगी बांध आपल्यालाच बघावे लागतात. म्हणून मे महिन्यात एक दिवस ठरवून अख्खा बांध चालून बघा. खेकड्यांची बिळं, खचलेली जागा, झडपेची फळी, सगळं लिहून ठेवा. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांच्या तारखा भरतीच्या तक्त्यातून काढून देवळात लावा.

आणि बियाणं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं पनवेल-१ किंवा पनवेल-३ ज्यांच्याकडे टिकलंय, त्यांनी एका जादा पेरणीपुरतं बाजूला ठेवावं. रहू टाकल्यावर खारं पाणी शिरलं तर जुलैत दुकानात ते मिळेलच असं नाही.

तुमच्या गावच्या उघाडीवर सध्या कोण लक्ष ठेवतं, ते खाली लिहा.