बंदूक ‘रिकामी’ असते तेव्हा

आरोग्याच्या सदरात बंदुकीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण गोळी लागलेला माणूस आधी डॉक्टरकडेच आणला जातो, तेव्हा विषय आमचाही आहे.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटले आणि सुटलेली गोळी डाव्या पायात गुडघ्याखाली शिरली. शस्त्रक्रिया करून ती काढली, चौथ्या दिवशी ते घरी गेले. नशीब बलवत्तर! तीच गोळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीत लागती, तर काही मिनिटांतच रक्त वाहून जीव गेला असता. भरलेले हत्यार घरात हाताळताना चाप ओढावाच लागतो असे नाही, ही गोष्ट या प्रसंगाने सर्वांना कळली.

सिनेमात तरी सगळे खोटे असते ना? तसेही नाही. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने सेटवर गमतीने पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला. काडतुसात शिशाची गोळी नव्हती, नुसती दारू होती. पण नळीच्या तोंडाशी त्या वायूचा आणि बुचाचा दणका एवढा असतो की कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आणि तो दगावला. १९९३ मध्ये ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली गेला. आधीच्या एका दृश्यातील नकली काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती, मागाहून उडवलेल्या नुसत्या दारूच्या बाराने ती बाहेर फेकली. २०२१ मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर कॅमेरा सांभाळणाऱ्या हॅलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या. हत्यार सुरक्षित असल्याचे तिथे मोठ्याने सांगितले गेले होते. आत खरी गोळी निघाली.

आपल्याकडे रानडुकरे आणि रोही उभे पीक तुडवतात, म्हणून परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. त्यांच्या गरजेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दाराआड भरून ठेवलेल्या बंदुकीबद्दल. रात्री ऐनवेळी भरायला वेळ कुठे, असे सांगतात. पण रानडुक्कर घरात येत नाही, नातू मात्र दिवसभर घरातच असतो. बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या, आणि किल्ल्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा. बंदूक हातात घेतली की नळी माणसांकडे नको, बोट चापावर नको आणि ती उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. देणाऱ्याने ‘रिकामी आहे’ म्हटले, तरी पाहावे. यात अपमान कसला?

छर्ऱ्याची बंदूक तर खेळणे म्हणूनच घेतात. तिचा एक छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो.

वरातीत हवेत बार काढण्याची हौस मला कधीच समजली नाही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी पत्र्यावर, नाही तर डोक्यावर उतरणारच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि कानाजवळ बार निघाला तर कायमचे बहिरेपणही येऊ शकते.

गोळी लागलीच तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. पुन्हा पुन्हा उचलून पाहू नका. रक्ताने भिजले तर त्यावरच दुसरे कापड ठेवून दाबा. हळद, चुना, रॉकेल काही नको. गोळी उकरून काढण्याचा उद्योग तर मुळीच नको. जखमीला पाणी, चहा देऊ नये, भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करून जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. पोलीस केस आहे म्हणून दवाखान्यात घेणार नाहीत, या भीतीने काही जण घरीच थांबतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे की आधी उपचार, कागद नंतर. तेव्हा कुणी दारातून परत पाठवू लागला, तर त्याला हे ठणकावून सांगा.