पाठचिकित्सेतला कापसाचा बोळा

संहितेच्या शुद्धीचा विचार मराठीला नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्णत्वास गेली. या दोन्ही कामांत अभ्यासकांपुढे पोथ्या होत्या, आणि पोथी वाचायला डोळ्यांखेरीज दुसरे यंत्र लागत नव्हते. १९९०च्या दशकातल्या मराठी पुस्तकांची संहिता तपासू पाहणाऱ्याला मात्र आधी कापसाचा बोळा हाती घ्यावा लागेल. हे विधान आम्ही विनोदाने करीत नाही.

त्या दशकात आपले बहुतेक लेखक हातानेच लिहीत. संगणक असे तो अक्षरजुळणी करणाऱ्याकडे. खिळ्यांच्या काळात छपाई उरकली की जुळणी सोडून खिळे पुन्हा खणांत जात. मधल्या अवस्थेचे काही मागे राहत नसे. फ्लॉपीवर ती राहू शकली. हस्तलिखित आणि छापील पुस्तक यांच्यामधला पाठ, मुद्रितशोधनातले फेरफार, ऐन वेळी गाळलेला परिच्छेद हे सारे कोठे उरले असेल तर या चकत्यांवर. म्हणजे हा ऐवज लेखकाच्या घरी कमी आणि मुद्रणालयाच्या माळ्यावर अधिक सापडण्याचा संभव. नाशिकपुरते बोलायचे तर २००८ आणि २०१६ साली गोदेचे पाणी सराफ बाजारापर्यंत आले होते. पूर न येणाऱ्या वर्षीही पावसाळ्याची ओल असतेच, आणि ओल म्हणजे बुरशी.

साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूस ८० वर्तुळाकार मार्ग, मार्गागणिक १८ भाग, प्रत्येक भागात ५१२ बाइट. दोन्ही बाजू मिळून जिला १.४४ एमबी म्हणत तेवढी जागा. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे हेड चकतीपासून किंचित वर तरंगते; येथे ते चकतीला टेकून घासत जाते. सारी गोम येथे आहे. बुरशी धरलेली चकती फिरली की तिचा मळ हेडला चिकटतो, आणि तेच हेड पुढच्या निरोगी चकतीवर ओरखडे काढते. अस्वच्छ ड्राइव्ह वाचता वाचता मजकूर नष्ट करतो. वाळवीही पोथीतून जाते, पण तिला आपण वाचक म्हणत नाही.

उपाय साधा आहे, पण हात हलका हवा. तंतू न सोडणारा बोळा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून दोन्ही हेडे पुसावीत. वरचे हेड पातळ, लवचिक पत्तीवर बसवलेले असते. ते ओढून उचलले तर जागेवरून हलते, आणि मग ड्राइव्ह स्वच्छ असूनही आंधळा होतो. हेड मागेपुढे नेणाऱ्या स्क्रूवरचे ग्रीस वर्षानुवर्षांनी वाळून चिकट होते. ते पुसून नवे अगदी थोडे लावावे, हेडला लागू देऊ नये. मग प्रथम एखादी टाकाऊ फ्लॉपी चालवून पाहावी. मोलाची फ्लॉपी घालण्याआधी तिच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी करावी, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. संशयास्पद चकतीनंतर दर वेळी हेड पुन्हा पुसावे. कंटाळवाणे काम आहे. पाठभेद नोंदवणे तरी कोठे रंजक असते?

एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकतो. फ्लॉपी वाचली तरी श्रीलिपी वा आकृतीतला मजकूर आज फाँटवाचून रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास म्हणून उमटतो. मग खटाटोप कशाला? आमच्या मते येथे दोन वेगळ्या अडचणींची गल्लत होते. कोणत्या संकेताला कोणते अक्षर, याचा कोठा मांडता येतो, आणि युनिकोडमध्ये रूपांतर दहा वर्षांनीही करता येईल. चुंबकीय ठसा तितका थांबणार नाही, आणि ड्राइव्हही नाहीत. सोनीने जपानमधील फ्लॉपीविक्री मार्च २०११ मध्येच थांबवली.

मुंबईत जन्मलेल्या रश्दींचे संगणकीय दप्तर अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने २०१० साली अभ्यासकांना खुले केले. आपण २०२४ साली अभिजात दर्जा मिळवला, तो दोन हजार वर्षांपूर्वीचे पुरावे दाखवून. तीस वर्षांपूर्वीचे पुरावे भंगारात किलोवर जाऊ शकतात. १८४०पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आणि मुक्त विद्यापीठ ज्या शहरात आहे, तेथे एक टेबल, दोन नीट ठेवलेले ड्राइव्ह आणि एक शिकवलेला माणूस एवढी मागणी फार नव्हे. संशोधनपद्धतीच्या तासाला मोडीची ओळख करून दिली जाते, त्याच्या शेजारी याही एका तासिकेला जागा व्हावी.

तोवर विद्यार्थ्यांना एक करता येईल. दिवाळीच्या साफसफाईआधी आपल्या गावातल्या जुन्या मुद्रकांकडे विचारून यावे. डबा हाती लागलाच तर त्यावरच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा राहू द्याव्यात, आणि उत्सुकतेपोटी त्यातली एकही चकती तेथल्या तेथे कोणत्याही संगणकात घालू नये.