गणितावर काट मारण्याआधी

२०२५ च्या जुलैत, पहिल्याच आठवड्यात, मी बहीण आणि भाचीसोबत बोईसरच्या एका ज्युनियर कॉलेजच्या खिडकीसमोर रांगेत उभा होतो. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. त्याआधी ही भानगड मुंबई महानगर, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरती होती. आमच्याकडे निकाल लागला की कॉलेजात जायचं, फॉर्म घ्यायचा, भरायचा, संपलं. या वेळी मात्र दहा पसंतीक्रम भरायचे म्हणून आम्ही घरात आठवडाभर डोकं खपवलं. पाममधून कुठे थेट रिक्षा जाते, कुठे मुली जास्त आहेत, कुठल्या कॉलेजची फी किती. सगळी चर्चा झाली. विषय कोणते घ्यायचे, यावर पाच मिनिटंसुद्धा बोलणं झालं नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "मॅथ्स, बायो दोन्ही की एकच?"

"फक्त बायो," बहीण म्हणाली. "मॅथ्स जड जातं तिला."

भाची गप्प. दहावीला गणितात तिला ६८ गुण होते. ६८ म्हणजे जड जाणं असेल, तर मग आमच्या घरात गणित कुणालाच हलकं गेलेलं नाही. मी फॉर्मवर हात ठेवला आणि म्हणालो, दोन मिनिटं थांबा. मागच्या माणसाने सुस्कारा टाकला, बहिणीने डोळे वटारले.

तो हात मी का ठेवला, ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

मी दहावी झालो २०१४ साली. अब्बांची एकच इच्छा होती, खानदानात एक तरी डॉक्टर व्हावा. जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर दोन-तीन बुजुर्ग भेटले, त्यांनी सांगितलं की डॉक्टर व्हायचं तर गणित सोडून दे, तेवढा वेळ बायोलॉजीला मिळेल. क्लासवाल्यानेही तेच सांगितलं. मला गणिताची भीती होतीच, त्यामुळे सल्ला गोड लागला. मी गणित सोडलं. त्या दिवशी मी काय काय सोडतोय, हे त्या बुजुर्गांना ठाऊक नव्हतं, क्लासवाल्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझी बारावी २०१६ ची. त्या वर्षी जे झालं ते माझ्या वयाच्या मुलांना चांगलं आठवत असेल. आम्ही राज्याच्या सीईटीची तयारी करत होतो, आणि २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला की मेडिकलचे प्रवेश नीटमधूनच. १ मे रोजी नीटचा पहिला टप्पा, ५ मे रोजी सीईटी. मग २४ मेला केंद्राचा अध्यादेश निघाला आणि त्या एका वर्षापुरत्या राज्य कोट्याच्या सरकारी जागा सीईटीतून भरायला मोकळीक मिळाली. महिनाभर आम्हाला कळत नव्हतं की पुस्तक कोणतं उघडायचं. पण खरं सांगायचं तर माझी संधी त्या गोंधळाने गेली नाही. माझे गुणच कमी पडले, आणि ते बायोलॉजीत नाही, फिजिक्समध्ये. गणित सोडल्याने गणित सुटत नाही, ते फिजिक्सच्या दाराने परत येतं. आजच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे, व्हेक्टर आणि कॅल्क्युलस. नीटच्या ७२० पैकी १८० गुण फिजिक्सचे. ज्याने 'मला मॅथ्स नको' म्हणून बायोलॉजी धरली, त्याची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

मग मी बीएस्सी केलं, केमिस्ट्री. आज तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीत आहे. नोकरी वाईट नाही, तक्रार नाही. तक्रार एका जाहिरातीची आहे.

तारापूरचं अणुवीज केंद्र आमच्या पट्ट्याच्या उशाला आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, तिसरी-चौथी २००५-०६ मध्ये आली. या दोघींसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. 'स्थानिकांना नोकऱ्या द्या' ही घोषणा मी लहानपणापासून ऐकतोय, दिलीही आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात असताना एका मित्राने तिथल्या प्रशिक्षणार्थी भरतीची जाहिरात दाखवली. प्लांट ऑपरेटर, स्टायपेंड मिळणार, प्रशिक्षण झालं की कायम होण्याची संधी. पात्रता वाचली: बारावी सायन्स, फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथेमॅटिक्स. मी दोनदा वाचली. माझ्याकडे पहिले दोन होते. मित्राने फॉर्म भरला, मी त्याच्यासोबत फक्त झेरॉक्स काढायला गेलो.

घोषणा खोटी नव्हती, मागणी आजही रास्त आहे. पण दारावरची पाटी कुणी वाचून दाखवली असती तर बरं झालं असतं. आपल्या सभांमध्ये सच्चर समितीचा २००६ चा अहवाल अजून वाचला जातो, आणि तो वाचलाच पाहिजे. अकरावीच्या खिडकीसमोर मात्र आपल्या पोरांसोबत कुणी उभं नसतं.

तर आता पाटी वाचूया. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावी सायन्सला इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या जागी मराठी, उर्दू, हिंदी अशी एखादी भाषा किंवा आयटी. मग फिजिक्स आणि केमिस्ट्री. राहिल्या दोन जागा, त्यात गणित आणि बायोलॉजी दोन्ही बसतात. म्हणजे दोन्ही घेणं हे काही जादा ओझं उचलणं नाही, विषय सहाच राहतात. एक सोडलं तर त्या जागी दुसरं काहीतरी घ्यावंच लागतं. बायफोकल घेतलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स असा २०० गुणांचा विषय, तर तो दुसरी भाषा आणि या दोनपैकी एक विषय अशा दोन जागा खातो. इंजिनिअरिंगच नक्की असेल तर बायफोकल चांगलं आहे. नक्की नसेल तर 'गुण जास्त पडतात' एवढ्यावर जाऊ नका.

गणित सोडलं की इंजिनिअरिंग जवळपास बंद होतं, कारण एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट तुम्हाला देता येत नाही आणि जेईई तर नाहीच. आर्किटेक्चर, एनडीएचे हवाई दल आणि नौदल हे विभाग, मर्चंट नेव्हीत डेक किंवा इंजिनची बाजू, पायलट, स्टॅटिस्टिक्स, सगळीकडे गणित लागतं. बायोलॉजी सोडली की एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंग, व्हेटर्नरी बंद. फार्मसी हा दोन्ही बाजूंनी उघडा असलेला दरवाजा आहे, पीसीएमवाला जातो, पीसीबीवालाही जातो. आमच्या एमआयडीसीत इतक्या औषध कंपन्या असताना बी.फार्मचा विचार आपल्या घरांत शेवटी का येतो, मला कळत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. बायोलॉजी मागून जोडता येते. २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने स्पष्ट केलं की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी उत्तीर्ण झालेलाही नीटला चालेल. कागदावर गणितही मागून देता येईल. पण बायोलॉजी घरी बसून वाचण्याजोगी आहे; सुटलेलं गणित दोन वर्षांनी घरी बसून उभं केलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी प्रयत्न केला होता, तीन आठवडे टिकलो.

याचा अर्थ सगळ्यांनी दोन्ही घ्यावेत असा नाही. दोन्ही विषयांची प्रॅक्टिकलं, दोन्हींचे जर्नल, शिवाय क्लास, असं केलं तर मूल दमतं. ज्याला दहावीपासूनच यंत्रं, वायरिंग, मोटारी यांतच रस आहे, त्याने अकरावीलाच जावं असंही नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीच्या गुणांवर मिळतो, तीन वर्षांचा, आणि तिथून सीईटी न देता इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आमच्या कारखान्यांत मेंटेनन्सला असलेली कितीतरी माणसं याच वाटेने आली. पण त्या मुलाच्या अब्बांना लग्नात कुणी विचारलं की "मुलगा काय करतो?", तर 'डिप्लोमा' म्हणताना त्यांचा आवाज का खाली जातो? आपल्याला डॉक्टर म्हणायला आवडतं, म्हणून. नीटला दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं बसतात. एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. खाजगी कॉलेजची फी आपल्यातले किती जण भरू शकतात, हे मी सांगायला नको. डॉक्टर व्हायचं स्वप्न जरूर बघा, पण ते मोडलं तर उभं राहायला दुसरी जमीन ठेवा. पीसीएमबी ती जमीन देतं, कारण सीईटीचे दोन्ही गट देता येतात.

भाषेचंही सांगतो. उर्दू शाळेतून आलेली मुलं घाबरतात की पुढे सगळं इंग्रजी. भीती खोटी नाही, पहिले चार महिने जड जातात. पण नीटचा पेपर मराठीत आहे, आणि २०१८ पासून उर्दूतही आहे. तो उर्दूत आपोआप आला नाही, त्यासाठी स्टुडंट्स इस्लामिक ऑर्गनायझेशनने सुप्रीम कोर्टात दाद मागितली होती. विज्ञान सोडण्याचं कारण भाषा असू नये.

आणखी एक, 'इंटिग्रेटेड'. नाव कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासात, प्रयोगशाळेचं दर्शन बोर्डाच्या प्रॅक्टिकलला. मीही तसाच शिकलो. क्लासने फी घेतली, कॉलेजने हजेरी लावली, आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातात ब्युरेट आली तेव्हा मी ती नीट धरूही शकलो नाही. शेजारच्या मुलीने, जी एका साध्या अनुदानित कॉलेजातून आली होती, न बोलता माझा स्टॉपकॉक धरलेला हात डावीकडून फिरवून दाखवला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत बोर्डाचे ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात, ते सगळ्यांना मिळतातच. पण एमआयडीसी ते ३० गुण परत तपासते.

मुलींच्या आईवडिलांशी मला थोडं वेगळं बोलायचंय. 'मुलीला मॅथ्स कशाला' हे वाक्य पैशाच्या काळजीतून येतं, हे मला ठाऊक आहे. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी कॅप फेरीतून असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. इंजिनिअरिंगही त्यात आहे. आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. अडचण कागदाची. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं, बिरादरी नाही. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. तो आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात, जुन्या जन्मनोंदीत, कुठेतरी निघतो, पण निघायला महिने लागतात. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर कॅप फेरी निघून जाते. अकरावीच्या पहिल्या दिवाळीतच हे काम हातात घ्या. यात मदत करणारा एखादा तरुण प्रत्येक मोहल्ल्यात असावा, असं मला फार वाटतं. भाषणं देणारे पुष्कळ आहेत.

त्या दिवशी खिडकीसमोर मी हे सगळं बोललो नाही, तेवढा वेळच नव्हता. मी भाचीला फक्त विचारलं, "तुला काय वाटतं?" तिला हा प्रश्न त्या महिनाभरात कुणी विचारलेला नव्हता, मीसुद्धा नाही. ती म्हणाली, "मामू, बायो मला आवडतं. मॅथ्सची भीती वाटते. पण सोडायचं नाहीये." बहिणीने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि खिडकीकडे वळून म्हणाली, "दोन्ही लिहा."

पहिल्या चाचणीत गणितात भाचीला २५ पैकी ९ मिळाले. बहिणीने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. आता ती बारावीत आहे, गणितात कशीबशी साठीच्या आसपास असते, आणि डॉक्टर व्हायचं की आणखी काही, ते अजून ठरलेलं नाही. रविवारी ती वह्या घेऊन येते. अकरावीच्या लिमिट्सच्या धड्यावर तिने मला पहिला प्रश्न विचारला तेव्हा मी हात वर केले होते. मग तिनेच मला तो धडा शिकवला, दोन रविवार लागले.