मांजर घराचंच असतं का?

कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, हे आपल्याकडे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की त्याला पुरावा कोणी मागत नाही. मांजर आपमतलबी, त्याला माणूस कळत नाही, कळते ती फक्त दुधाची वाटी, असा हा पूर्वपक्ष. तो मला साफ नामंजूर आहे.

हीच चूक शास्त्रज्ञांकडूनही झाली होती. गथ्री आणि हॉर्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४६ साली मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. समोरून काच असलेली पेटी आणि आत एक उभा दांडा. दांड्याला अंग लागलं की दार उघडायचं. मांजरं पुन्हा पुन्हा त्याच ढबीने दांड्याला अंग घासत. त्यावरून निष्कर्ष निघाला की एकदा फळलेली हालचाल मांजर यंत्रासारखी गिरवतं. १९७९ मध्ये मूर आणि स्टटर्ड यांनी अशीच पेटी पुन्हा मांडली, पण समोरचा माणूस कधी दिसू दिला, कधी नाही. माणूस दिसला की मांजर अंग घाशी, त्यातून काही मिळणार नसलं तरीही. माणूस नसला की घासणं बंद. ते मांजराचं स्वागत होतं! माणसापर्यंत पोचता येईना, म्हणून जवळच्या दांड्याला अंग लावलं जात होतं. मांजराने निरीक्षकांची दखल घेतली होती. निरीक्षकांनी मात्र स्वतःला हिशेबातच धरलं नव्हतं.

‘पण हाक मारली तर येत नाही,’ हा पुढचा आक्षेप. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच तपासलं. मांजराच्या नावासारखेच वाटणारे चार शब्द ओळीने ऐकवले, मग त्याचं नाव. शब्दांगणिक मंदावत गेलेलं लक्ष नाव येताच परतलं. कान हलले, मान वळली. अनोळखी माणसाच्या आवाजातही नाव ओळखलं गेलं. म्हणजे हाक पोचते आणि कळतेही. उठून यायचं की नाही, हे मांजर ठरवतं. आज्ञाधारकपणालाच बुद्धी समजण्याची खोड आपल्याला वर्गातल्या मुलांच्या बाबतीतही आहे.

मांजराला सगळं उमगतं, असा माझा दावा नाही. मालकाला मदत नाकारणाऱ्या माणसाला कुत्री टाळतात, मांजरं तसा भेद करताना दिसली नाहीत, हेही जपानी संशोधकांनीच नोंदवलं आहे. जागेची ओढ तर त्याला आहेच. प्रश्न एवढाच, की त्या ओढीमुळे माणूस परका ठरतो का?

अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाली यांनी मांजराच्या पिल्लांना पालकासह अनोळखी खोलीत ठेवलं. दोन मिनिटांनी पालक बाहेर गेला, आणखी दोन मिनिटांनी परतला. सुमारे ६४ टक्के पिल्लं तो परतल्यावर सावरली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. तान्ह्या मुलांमध्येही हे प्रमाण साधारण एवढंच आढळतं. खोली परकीच होती. धीर आला तो माणसामुळे.

म्हणून बिऱ्हाड हलवताना ‘ते घराचं आहे, इथेच राहील’ म्हणत मांजर जिन्यात सोडून जाणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, की ही सबब टिकत नाही. नव्या जागेत ते बिचकेल, पलंगाखाली दडेल, खाणं टाकेल. त्याला आधी एकच खोली द्या, त्याची जुनी चादर तिथे अंथरा आणि रोज थोडा वेळ त्याच्याजवळ जमिनीवर बसा.