पाच कोटी वर्षांपूर्वीचा पेपर

मागच्या आठवड्यात वर्गात हवामान शिकवीत होतो. शेवटच्या बाकावरचा एकजण उठला. "सर, उद्या पाऊस येणार की नाही ते धड सांगता येईना, आणि संगणक पाच कोटी वर्षांमागची हवा सांगतो म्हणता. हौदा सर?" वर्ग हसला. मीही हसलो, पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

उद्या सर येईल का ते सांगणे अवघड. मे महिना जानेवारीपेक्षा तापणार हे मात्र आपली आज्जीही सांगते. हवामानाचे मॉडेल या दुसऱ्या जातीचे काम करते. पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकायची आणि चौकटीचौकटीत ऊन, वारा, वाफ, ढग यांचे गणित मांडायचे. इओसीन काळ हवा असेल तर नकाशा बदलायचा. ध्रुवांवर बर्फाच्या चादरी नाहीत, भारत विषुववृत्ताजवळ, हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर. (आपल्याकडे विहीर खणताना लागणारा काळा पाषाण तेव्हाही होता, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा.)

उत्तर तपासायला जीवाश्म आहेत. कॅनडाच्या उत्तर टोकाला, जिथे हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवत नाही, त्या एल्समिअर बेटावर मगरीच्या जातीचे प्राणी आणि कासवे राहत होती. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत त्याच सुमाराची राळ सापडली, आत किडे अडकलेले. म्हणजे आपल्या बाजूला दाट जंगल होते.

इथेच मॉडेले वर्षानुवर्षे नापास होत होती. ध्रुव ऊबदार करावा तर विषुववृत्त करपायचे. २०१९ मध्ये जियांग झू आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मॉडेलवर दोन्ही टोके बरीचशी जुळवून दाखवली. गोम ढगांच्या गणितात होती.

खरी गंमत पुढच्या वर्षीची. त्याच मॉडेलची नवी आवृत्ती आजचे हवामान उत्तम दाखवीत होती. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी ५.३ अंशांनी तापेल, असे तिचे म्हणणे, जुनीचे ४.२. झू यांनी २०२० मध्ये तिला इओसीनचा पेपर घातला, तर उष्ण कटिबंधातली जमीन ५५ अंशांच्या वर गेली! त्या तापात कसले जंगल आणि कसली राळ? मागच्या प्रश्नपत्रिका घोकून पहिला आलेला मुलगा नवा प्रश्न येताच गडबडतो, तसेच झाले. पुढे ढगांतल्या हिमकणांचा हिशेब दुरुस्त केल्यावर तो आकडा खाली आला. ४.२ अंश हीसुद्धा काही सुटकेची गोष्ट नव्हे, पण धरणे आणि पिके यांची आखणी अशा आकड्यांवर होणार असेल तर एका अंशाचा फरक लहान नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितले. तो म्हणाला, "मग सर, ही परीक्षा आधीच का घेत नाहीत?"

खोल समुद्राचे तापमान स्थिरावायला गणितातली हजारो वर्षे चालवावी लागतात. महासंगणकालासुद्धा त्याला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ मागायला रांग असते.